डाव्या हाताची धार

आमच्या दुकानात चाकू गिऱ्हाइकाच्या हातात दिला जात नाही. कट्ट्यावर लाल फडकं पसरलेलं असतं, त्यावर ठेवायचा, आपला हात मागं घ्यायचा आणि मग गिऱ्हाइकानं उचलायचा. हातातून हातात धार गेली की दोघांत भांडण लागतं, असं वडील सांगायचे आणि त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. बेळगावच्या बाजारात आमचं चाकू-कात्रीचं दुकान आहे. वडगावच्या विणकरांच्या कात्र्या, हॉटेलवाल्यांच्या सुऱ्या, अडकित्ते, विळ्या असा सगळा संसार, आणि काचेच्या कपाटात माझी लाडकी मंडळी, म्हणजे खिशातले घडीचे चाकू. भांडणं म्हणाल तर या कट्ट्यावर रग्गड झाली, पण ती भावावरून. धारेवरून एकही नाही.

वडिलांचा दुसरा नियम याहून कडक. चाकू उजव्याच हातानं उचलायचा. कुणी डावा हात पुढं केला की मी टोकायचो. कॉलेजची पोरं हसायची. "अण्णा, चाकू देताय का परसाद?" मी म्हणायचो, "परसादच समज, आणि उजवा हात काढ खिशातनं." हा नियम का, हे मी कधी विचारलं नाही. बापानं सांगितलेलं विचारायचं असतं, हेच आम्हाला माहीत नव्हतं.

घडीचा चाकू कसा निवडावा, हे लोक मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात. वाढपी जिलेबी घेऊन पुढं निघून जातो आणि मी पात्यावर बोलत बसतो. नवं गिऱ्हाईक आलं की त्याची नजर पहिल्यांदा जातेच मुळी सर्वांत जाड, काळ्या, सिनेमातल्या खलनायकाला शोभेल अशा चाकूवर. असला चाकू चार दिवस खिशात मिरवतो, विजार खाली ओढतो, मांडीला टोचतो आणि मग घरच्या कपाटात जाऊन पडतो तो कायमचा. मी सांगतो, बाबा, खिशात चाकू आहे हे विसरून जाशील असा घे. मिटल्यावर करंगळीपेक्षा जाड नको, किल्ल्यांच्या जुडग्यापेक्षा जड नको, आणि पातं मधल्या बोटाएवढं पुरे. सुतळी, पार्सलची पट्टी, खताच्या पोत्याचं तोंड, ठिबकची नळी, दुपारचा पेरू, सगळं तेवढ्यात होतं. मग बघायचं कुलूप. म्हणजे उघडलेलं पातं आपल्याच बोटांवर मिटू नये म्हणून आत असलेली खिट्टी. माणसं चाकू उघडताना कापून घेत नाहीत, मिटताना घेतात. म्हणून मी गिऱ्हाइकाला उघडून दाखव असं कधीच सांगत नाही, मिटून दाखव म्हणतो.

गिऱ्हाइकंही एकेक नग असतात. आमच्याकडं हळद लागली की नवरदेवाच्या हातात टोकाला लिंबू खोचलेला चाकू देतात, बाहेरची बाधा होऊ नये म्हणून. खानापूरकडच्या एका वऱ्हाडानं त्यासाठी माझ्याकडचा सर्वांत सडपातळ चाकू नेला, नवरदेव हौशी होता. दुसऱ्या दिवशी नवरदेवाचा मामा तणतणत हजर. "अण्णा, ऐन मांडवात लिंबू निसटून भटजीच्या ताम्हनात पडलं की हो!" मी म्हटलं, "मामा, चाकू चांगला हाय, लिंबू जड हाय." वडगावचा एक विणकर तर चाकूचं टोकच काढून द्या म्हणून बसला. मागाच्या रुळावर गुंडाळलेलं सूत कापताना टोक कापडात घुसतं, म्हणून त्याला पातं हवं, टोक नको. कोऱ्या करकरीत चाकूचं टोक मी माझ्या हातानं घासून बोथट केलं, तेव्हा जीव हळहळला. पण त्याच्या कामाला तेच बरोबर होतं. मग मला वाटायला लागलं की चाकूतलं आपल्याला सगळं कळलं. असं वाटलं की समजावं, कुणीतरी येणार आहे आपलं नाक कापायला.

आल्या त्या पद्मावती आक्का. निपाणीच्या बाजूच्या एका गावातल्या जैन शेतकरी घरातल्या. सत्तरीच्या पुढच्या, उंच, काटक, अंगावर फिकं लुगडं, उजवा हात पदराखाली. बरोबर त्यांचा मुलगा सन्मती, तोही आता पन्नाशीला टेकलेला. आंब्याचा हंगाम सरत आला होता. मी नुकतंच दुकान उघडून उदबत्ती फिरवली होती, बोहनी व्हायची होती.

"कलमं कराय चालंल असा चाकू दावा अण्णा," आक्का म्हणाल्या. "बारीक पायजे, हलका पायजे. कनवटीला खोचून दिवसभर रानात हिंडतो मी."

मी फडक्यावर तीन-चार चाकू मांडले आणि हात मागं घेतला. आक्कांनी डावा हात पुढं केला. झालं, माझ्या जिभेवर वडील येऊन बसले.

"आक्का, बोहनीचा टायम हाय. उजव्या हातानं उचला."

सन्मती एकदम लाल झाला. "अहो अण्णा, तुमाला काय..."

"सुम्न कूड," आक्कांनी त्याला कानडीत गप बसवलं. मग डाव्या हातानं त्यांनी पदराखालचं स्वतःचं उजवं मनगट धरलं, उचललं आणि तो हात माझ्या लाल फडक्यावर, चाकूंच्या मधोमध आणून ठेवला. बोटं अर्धवट मिटलेली होती, तशीच पडून राहिली.

"ह्यो घ्या उजवा," त्या म्हणाल्या. "आता तुमीच सांगा ह्येला उचलाय. माझं तर ऐकत न्हाय."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. स्टूल पुसून त्यांना बसवलं, चहा मागवला. चहाच्या घोटाबरोबर सन्मतीनं हकिकत सांगितली. गेल्या थंडीत आक्कांच्या अंगावरून अर्धांगवायूचा वारा गेला. पाय सुधारला, वाचा आली, हात तेवढा गेला. आणि तो हात साधासुधा नव्हता. त्या टापूत कुणालाही आंब्याचं कलम करायचं असलं की बोलावणं आक्कांना यायचं. कलम म्हणजे, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कोयीतून उगवलेल्या रोपाचा शेंडा छाटायचा, त्याला मधोमध चीर द्यायची आणि हव्या त्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची. वर पट्टी बांधायची. काप जर गुळगुळीत असेल आणि दोघांची साल सालीला भिडली तर ती एकजीव होतात, नाहीतर काडी वाळून जाते. सगळा खेळ त्या एका कापाचा.

"कुणाच्या झाडाचं कलम करायचंय?" मी विचारलं.

"घरच्याच." आक्का बाहेर रस्त्याकडं बघत म्हणाल्या. "रस्ता रुंद व्हायलाय. बांधावरचा आमचा खोबऱ्या त्यात जातोय. बुंध्याला रंगाचा पट्टा मारून गेल्यात. पाऊस उघडला की तोडणार."

खोबऱ्या म्हणजे त्यांच्या सासऱ्यांच्याही आधीपासून उभा असलेला रायवळ आंबा. पिकला की त्याला सुक्या खोबऱ्याची चव. तसा दुसरा त्या पंचक्रोशीत नाही. कोय लावली तर झाड येतं, पण खोबऱ्या येत नाही. काडीच लागते.

"मग आजवर तुमी त्याची कलमं..."

"न्हाय केली." त्या हसल्या आणि हसता हसता डाव्या हातानं डोळे पुसले. "दुनियेच्या बांधाला झाडं लावत हिंडलो. ह्यो आपला घरचा. कुठं पळून जातोय, म्हटलं. आता त्यो जायलाय आणि हात बी गेलाय."

सन्मतीनं एका रोपवाटिकेतला माणूस आणून कलमं करवून बघितली होती. खोबऱ्याच्या काड्या चिवट, एकही लागली नाही. मग आक्का स्वतः डाव्या हातानं बसल्या, तर काप वाकडेतिकडे. गावात सगळे म्हणायला लागले, डाव्या हाताचं कलम लागत नसतं, अपशकुनी असतं ते.

"आदी मी हसत हुतो," आक्का म्हणाल्या. "आता मला बी खरं वाटाय लागलंय."

त्यांनी कनवटीचा जुना कलमाचा चाकू काढून ठेवला. वर्षानुवर्षं वापरलेला, धार अजून कडक. मी गल्ल्यातली पेन्सिल त्यांना दिली आणि म्हटलं, जरा ही तासून दाखवा. सन्मतीनं पेन्सिल धरली, आक्कांनी डाव्या हातानं काप मारला. मी पेन्सिल उजेडात धरली. काप चमच्यासारखा खोलगट. पुन्हा मारला, पुन्हा खोलगट. तिसऱ्यांदाही तसाच, अगदी त्याच जागी खोल.

चुकणारा हात दर वेळी वेगळं चुकतो. हा हात दर वेळी एकसारखं कापत होता. मी तो जुना चाकू डोळ्यांसमोर आडवा धरला आणि पात्याची दोन्ही अंगं निरखली.

कलमाच्या चाकूला धार एकाच अंगानं लावलेली असते. एक अंग उतरतं, दुसरं अगदी सपाट. सपाट अंग लाकडाला टेकून सरकतं म्हणून काप सपाट येतो. पण कुठलं अंग सपाट ठेवायचं, ते उजव्या हाताच्या हिशोबानं ठरलेलं. तोच चाकू डाव्या हातात आला की उतरतं अंग लाकडाला लागतं आणि पातं आत घुसतं. आक्कांचा हात चुकतच नव्हता. चाकूच उजवा होता!

मी वेड्यासारखा कपाट उघडून एकेक चाकू काढायला लागलो. नखानं पातं ओढायची खाच, एकाच अंगाला. खिशाला अडकवायची पट्टी, उजव्या खिशाची. कुलपाची खिट्टी उजव्या अंगठ्याखाली. आयुष्यभर हे चाकू मी पुसले, तेल दिलं, मिटले, उघडले, आणि जवळजवळ सगळे उजव्या हाताचेच आहेत हे मला एकदाही दिसलं नव्हतं. वर मीच कट्ट्यावर बसून लोकांना उजवा हात काढायला लावत होतो. मी आक्कांना एवढंच म्हटलं, "आक्का, हाताला दोष देऊ नका. त्याच्याएवढा सरळ हात मी बघितला न्हाय."

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "खरं?" त्या एका शब्दात इतकी आशा होती की मला भीतीच वाटली.

कपाटाच्या कोपऱ्यात बरेच दिवस पडून असलेला एक चाकू होता. चपटा, हलका, कनवटीत दिसणारसुद्धा नाही असा. पात्यालाच आरपार भोक, त्यात अंगठा घालून कुठल्याही हातानं उघडावा. कुलूप पाठीवर, म्हणजे उजव्या-डाव्याचा प्रश्न नाही. पण एका हातानं मिटायचा कसा? आक्कांनी भोकात अंगठा घातला, पातं उघडलं. मग पाठीचं कुलूप दाबून पात्याची पाठ स्वतःच्या मांडीवर टेकवली आणि दाबली. मी डोळे मिटून घेतले. टक् असा आवाज झाला.

"उघडा डोळं," आक्का म्हणाल्या. "विळीवर जल्म गेला माझा. धारेचं भ्या मला घालू नका."

चाकू ठरला, पण त्याची धार दोन्ही अंगांनी होती. एक अंग पूर्ण सपाट करायला हवं होतं, तेही उलटं. उद्यमबागेत माझा जुना ओळखीचा परशराम हत्यारांना धार लावतो, त्याच्याकडं गेलो. "अण्णा, उलटी धार? कुणाला, उलट्या माणसाला?" म्हणून तो हसला आणि पातं चाकाला लावलं. ठिणग्या उडाल्या आणि कडेनं निळी झाक चढली. पातं तापलं, पाणी उतरलं. लोखंडाचं पाणी उतरलं की धार टिकत नाही. तो चाकू वाया. परशरामचं तोंड उतरलं, म्हणाला, "हे इतकं पातळ पातं चाकाचं काम न्हवं. ह्येला दगड आणि सबूर."

तसलाच दुसरा चाकू मागवून घेतला आणि खासबागेत घरी दगड मांडून बसलो. दुकानातून आलो की दगड, पाणी आणि पातं. बायको म्हणाली, "एवढं लक्ष कधी माझ्याकडं दिलं असतं तर!" मी म्हटलं, "तुला धार लावायची कधी गरजच पडली न्हाय." घासायचं, काचेवर टेकवून फट राहते का बघायचं, पुन्हा घासायचं. चाखून बघितल्याशिवाय वाढू नये, म्हणून मी स्वतः डाव्या हातानं पेन्सिल तासून बघितली. पहिल्याच फटक्याला बोट कापलं. चाकूवाल्याचं बोट! माझा डावा हात एवढा अडाणी असेल असं मला वाटलं नव्हतं. आणि ही बाई या वयात, आजारातून उठून, तो हात शिकवून बसली होती. बोटाला चिंधी बांधताना मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडलो.

चाकू घेऊन मी एसटीनं त्यांच्या गावी गेलो. खोबऱ्या बघितला. दोन माणसांच्या कवेत न मावणारा बुंधा, त्यावर रंगाचा पट्टा. आक्कांनी गोठ्याच्या सावलीत सगळी मांडामांड केली होती. पाटावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ठोकलेली, काडी त्याखाली सरकवायची. वर निर्जीव उजवा हात ठेवायचा. "कामाचा न्हाय, पण वजनाला हाय," त्या म्हणाल्या. डोळे मिटून त्यांनी णमोकार मंत्र म्हटला. झाडाला इजा करायची म्हणून आधी क्षमा मागायची, ही त्यांची पद्धत. मग अंगठ्यानं पातं उघडलं आणि काडीवरून एकदाच ओढलं.

मी काप बघितला. सपाट, ओलसर, चकचकीत. दुसऱ्या अंगानं तसाच काप. रोपाला चीर, पाचर आत, सांध्याला कपडे वाळत घालायचा चिमटा, पट्टीचं एक टोक दातांत आणि दुसरं डाव्या हातात. चिमटा निघाला, पट्टी बसली, कलम झालं. सन्मती दाराशी उभा होता, तो आत निघून गेला आणि जरा वेळानं तोंड धुऊन आला. चाळीस माणसांचं काम बघितलं असेल मी, हातात सुरी घेतलेले खाटिक, चांभार, न्हावी, सर्जन. पण माझा ऊर असा भरून आला नव्हता. मी दुपारपर्यंत तिथंच बसून राहिलो.

"लागतील न्हवं?" निघताना मी विचारलं.

"ते झाडाला इचारा," आक्का म्हणाल्या. "माझं मी केलं, तुमचं तुमी केलं."

पावसाळाभर मी दुकानात बसून त्या काड्यांचा विचार करत होतो. फोन करायचं धाडस होईना. वाळल्या म्हणाले तर? तर गावाचं खरं ठरणार होतं आणि आक्का पुन्हा कधी चाकू धरणार नव्हत्या. पाऊस उघडला आणि सन्मतीचाच फोन आला. "अण्णा, झाड पाडलं. आईनं तुमाला बोलावलंय." कलमांचं मी विचारलं नाही.

गेलो. बांधावर नुसतं आभाळ होतं. खोबऱ्याचे ओंडके रस्त्याकडेला पडलेले, भुसा ओला. परड्यात आक्का पाटावर बसल्या होत्या, समोर काळ्या पिशव्यांच्या रांगा. कितीतरी पिशव्यांत नुसत्या वाळक्या काड्या. माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "तिकडं काय बघतासा? गेली ती गेली. हिकडं बघा."

त्यांच्या मागं, भिंतीच्या सावलीत, वेगळ्या काढलेल्या पिशव्या होत्या. प्रत्येक काडीच्या टोकाला तांबूस, मऊ, नुकतीच उलगडलेली पानं. मी खाली बसलो.

आक्कांनी कनवटीचा चाकू काढला, अंगठ्यानं उघडला आणि एका कलमाची पट्टी अलगद चिरली. आत सांधा होता. दोन साली एकमेकींत मुरलेल्या, मधे नखाएवढी रेघ. मी त्या रेघेवरून बोट फिरवलं. माझ्या दुकानातला चाकू इथून गेला होता, यावर माझा विश्वास बसेना. आक्कांनी मांडीवर चाकू मिटला, टक्, कनवटीला खोचला आणि ते कलम पिशवीसकट उचललं.

"गावात सगळ्यांस्नी दिली. न्हेली बी सगळ्यांनी, अपशकुनाचं काय बोलली न्हाईत," त्या म्हणाल्या. "ह्ये तुमचं. लई पानी घालू नका." मग पिशवी पुढं करता करता मधेच थांबल्या आणि गालात हसल्या. "पर डाव्या हातानं देतोय अण्णा. चालंल न्हवं? का तुमच्या रिवाजापरमाणं खाली ठिवू?"

"खाली नका ठेवू," मी म्हटलं. उजवा हात मी खिशात घातला आणि डावा पुढं केला.